झडप ठणठणीत, गळती कडेने: पुन्हा छाती उघडायची की तारेवरून बूच बसवायचं?

पत्र: आईचं वय 58. लहानपणीच्या र्‍हुमॅटिक तापाने मिट्रल झडप (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली) खराब झाली होती. 9 वर्षांपूर्वी तिथे दोन पाकळ्यांची धातूची झडप बसवली, तेव्हापासून रक्त पातळ ठेवणारी ॲसिट्रॉम गोळी चालू आहे. गेलं वर्षभर दम लागतो, हिमोग्लोबिन 7 च्या वर टिकत नाही, तीनदा रक्त चढवलं. डोळे पिवळसर, लघवी अधूनमधून काळ्या चहासारखी, रक्त चढवलं की चार दिवस स्वच्छ होते. मूळव्याध तपासली, पोटाची दुर्बीण झाली, काही सापडलं नाही. गावातल्या 2डी इकोत ‘व्हॉल्व्ह नॉर्मल’ लिहिलंय. पुण्यात अन्ननलिकेतून इको केला, त्यात ‘झडपेच्या कडेने तीव्र गळती, 10 वाजता, 9 × 4 मिमी’ असं आलं. एलडीएच (पेशी फुटल्या की रक्तात वाढणारं एन्झाइम) 1,900. सर्जन म्हणतात, पुन्हा ऑपरेशन करू. दुसरे डॉक्टर म्हणतात, जांघेतून तार नेऊन गळती बुजवू. मामा म्हणतात कावीळ आहे, झाडपाल्याचं औषध आणून ठेवलंय. आम्ही कोणाचं ऐकायचं? (एक वाचक, बार्शी)

ताई, मामांच्या औषधापासून सुरुवात करू, कारण ते उद्या सकाळीच आईच्या पोटात जाऊ शकतं. बाकीचे निर्णय दोन-चार आठवड्यांचे आहेत. ते औषध देऊ नका. आईचे डोळे पिवळे दिसतात ते यकृत बिघडलंय म्हणून नव्हे. तांबड्या पेशी रक्तातच फुटताहेत, त्यांच्यातल्या हिमोग्लोबिनचं पुढे बिलिरुबिन होतं, आणि यकृताला उपसता येईल त्यापेक्षा ते जास्त तयार होतंय. तुम्ही जोडलेल्या रिपोर्टात एकूण बिलिरुबिन 3.4 आहे, त्यातलं 2.8 इनडायरेक्ट (यकृताने अजून प्रक्रिया न केलेलं), आणि एसजीपीटी हे यकृताचं एन्झाइम नॉर्मल. एसजीओटी थोडं वाढलेलं दिसतं, तेही फुटलेल्या पेशींतूनच आलेलं असणार. यकृताच्या काविळीचं चित्र असं नसतं. शिवाय आई ॲसिट्रॉमवर आहे. काढ्यात नेमकं काय आहे हे देणाऱ्यालाही सांगता येत नाही, आणि त्याने आयएनआर (रक्त किती पातळ आहे याचा आकडा) वर गेला तर रक्तस्राव, खाली आला तर झडपेवर गुठळी. मामांचा मान राखा, बाटली कपाटात राहू द्या.

आता गळतीकडे. धातूच्या झडपेभोवती कापडाचं कडं असतं. सर्जन हृदयातल्या मूळ झडपेच्या जागी ते कडं गोलाकार टाक्यांनी शिवतात. दाराची फळी उत्तम, बिजागऱ्या उत्तम, पण चौकट आणि भिंत यांच्यात फट पडलेली, तसा हा प्रकार आहे. म्हणून एका रिपोर्टात ‘व्हॉल्व्ह नॉर्मल’ आणि दुसऱ्यात ‘तीव्र गळती’ ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात. फट पडते कारण टाका सुटतो किंवा टाक्याखालची जागा फाटते. र्‍हुमॅटिक आजारात त्या जागी अनेकदा चुना (कॅल्शियम) साठलेला असतो. कडक चुन्यात सुई नीट धरत नाही, आणि चुना काढून टाकला तर खालचं मांस पातळ राहतं. दुसरं मोठं कारण म्हणजे जंतुसंसर्ग. हे दुसरं कारण नाकारल्याशिवाय पुढचं एकही पाऊल टाकायचं नाही. त्याबद्दल खाली लिहिलंय.

एवढ्याशा फटीने एवढा अशक्तपणा (रक्तक्षय) कसा, हा प्रश्न तुमच्याच काय, अनेक डॉक्टरांच्याही मनात येतो. हृदय आकुंचन पावतं तेव्हा डाव्या खालच्या कप्प्यात 120 च्या आसपास दाब असतो आणि वरच्या कप्प्यात 15-20. म्हणजे 100 मिमी पाऱ्याच्या फरकाने रक्त त्या फटीतून मागे फेकलं जातं, सेकंदाला साधारण 5 मीटर वेगाने. तांबडी पेशी 7-8 मायक्रॉनची. अरुंद फटीतून त्या वेगाने निघून ती कड्याच्या काठावर किंवा कप्प्याच्या भिंतीवर आपटते आणि फुटते. त्यामुळे रुंद भोकापेक्षा अरुंद चीर रक्ताची नासाडी जास्त करू शकते. रुंद भोकाने मुख्यतः दम लागतो, फुफ्फुसात पाणी भरतं. आईला दोन्ही होतंय. त्यात एक दुष्टचक्र आहे: हिमोग्लोबिन उतरलं की हृदय जोरात आणि भरभर चालतं, मग झोत आणखी जोरात, मग आणखी पेशी फुटतात. रक्त चढवल्यावर चार दिवस लघवी स्वच्छ होते असं तुम्ही लिहिलंय, त्याचं एक कारण हेच असावं.

2डी इकोवाल्यांना दोष देण्यात अर्थ नाही. छातीवरून पाहताना धातूची झडप मध्ये येते आणि तिच्या मागे, म्हणजे नेमकं डाव्या वरच्या कप्प्यात, सावली पडते. गळती त्या सावलीतच असते. मात्र जुना रिपोर्ट काढून एक आकडा बघा: मिट्रल झडपेवरून आत येणाऱ्या रक्ताचा सर्वोच्च वेग. तो सेकंदाला 1.9 मीटरच्या वर असेल, पण झडप अडकल्याची दुसरी चिन्हं नसतील, तर ‘मागे गेलेलं रक्त परत पुढे येतंय’ असा संशय तेव्हाच घेता आला असता. धातूच्या मिट्रल झडपेच्या रुग्णाला नवा अशक्तपणा, नवा दम किंवा काळपट लघवी असेल तर छातीवरचा इको कितीही चांगला आला तरी अन्ननलिकेतून इको करायचाच. पुण्याच्या डॉक्टरांनी तो केला हे बरं झालं.

निर्णयाआधी काय काय हातात हवं ते सांगतो. एलडीएच पुन्हा करा, पण दंडावर पट्टा फार वेळ आवळून, बारीक सुईने ओढून काढलेल्या रक्तात पेशी नळीतच फुटतात आणि आकडा फुगतो. लॅबला आधी सांगा. धातूच्या झडपेत एलडीएच थोडं वाढलेलं असतंच, ते चालतं. 1,900 मात्र त्या ‘थोड्या’त बसत नाही. सोबत हॅप्टोग्लोबिन (पेशी फुटल्या की हे कमी होतं), रेटिक्युलोसाइट (नव्या तांबड्या पेशी) आणि पेशींचा स्मिअर (काचपट्टीवर पसरलेलं रक्त) करा. स्मिअरमध्ये तुटक्या, शिंगं आलेल्या पेशी दिसतात का, हे पॅथॉलॉजिस्टला मुद्दाम विचारा, नाहीतर मशीनच्या रिपोर्टवर सही होऊन येते. लघवीच्या पट्टीवर रक्त पॉझिटिव्ह आणि सूक्ष्मदर्शकाखाली मात्र तांबड्या पेशी नाहीत, असा विसंगत वाटणारा रिपोर्ट आला तर तो चुकीचा नाही. लघवीत पेशी नसून सुटं हिमोग्लोबिन उतरतंय, इतकाच त्याचा अर्थ. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) करा. आईला मधुमेह असल्यास एक गोष्ट लक्षात ठेवा: पेशी लवकर मरत असल्याने एचबीए1सी खोटं कमी येतं, तेव्हा त्या आकड्यावर साखरेची गोळी कमी करू नका.

आणि जंतुसंसर्ग. कसकस, रात्री घाम, वजन उतरणं, मधेच अँटिबायोटिकचा कोर्स झालेला, यातलं काही असेल तर डॉक्टरांना सांगाच, पण नसलं तरी ब्लड कल्चर (रक्तात जंतू वाढतात का ही तपासणी) हवं. वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या जागी टोचून तीन संच, आणि अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी. ‘साधा ताप आहे’ म्हणून दिलेल्या तीन दिवसांच्या गोळ्यांनी कल्चर खोटं निगेटिव्ह येतं आणि पुढचं सगळं गणित चुकतं. संसर्ग चालू असताना गळतीत बूच बसवणं म्हणजे जंतूंना राहायला आणखी एक जाळी देणं. तो ठाम नकार आहे. तिथे अँटिबायोटिक आणि शस्त्रक्रिया हाच मार्ग.

पुण्याच्या रिपोर्टातलं ‘10 वाजता’ कसं वाचायचं? सर्जन डावा वरचा कप्पा उघडून झडपेकडे वरून बघतात, तसं चित्र 3डी इकोत मांडतात. त्यात महाधमनीची झडप 12 वाजता ठेवायची. मग डाव्या वरच्या कप्प्याची पिशवी, जिला सगळे अपेंडेज म्हणतात, ती 9 च्या बाजूला येते आणि दोन वरच्या कप्प्यांमधला पडदा 3 च्या बाजूला. म्हणजे आईची फट अपेंडेज आणि महाधमनी यांच्या मधल्या भागात, पडद्यापासून लांबच्या बाजूला आहे. तार नेण्याच्या दृष्टीने ही सोयीची जागा. पडद्यातून आत आलेली नळी समोरच्या बाजूला सहज पोचते. 2 ते 5 च्या दरम्यानची, पडद्याला चिकटून असलेली फट त्रासदायक, कारण आत शिरताच नळीला जवळजवळ उलटं वळावं लागतं.

मापाचंही गणित करून बघा. झडपेचं कडं समजा 28 मिमी व्यासाचं आहे, तर परीघ 88 मिमीच्या आसपास. त्यातला 9 मिमी म्हणजे एक दशांश. परिघाचा पाव ते एक तृतीयांश भाग सुटलेला असेल, झडप ठोक्यागणिक डुलत असेल, तर बूच धरायला काठच उरत नाही आणि ऑपरेशनच करावं लागतं. आईच्या रिपोर्टात ‘रॉकिंग’ (डुलणं) हा शब्द नाही. पण ‘नाही’ असंही लिहिलेलं नाही, तेव्हा विचारून घ्या. झडपेच्या नेमक्या मापासाठी ऑपरेशनच्या वेळी मिळालेलं झडपेचं कार्ड शोधा. कंपनी, मॉडेल, मिमी सगळं त्यावर असतं. दोन पाकळ्यांची झडप आणि एका चकतीची, जशी तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत घडलेली चित्रा झडप, या दोन्हींत बुचाची कड पाकळीला कुठे अडेल याचा हिशोब वेगळा असतो.

आता मूळ वाद. सर्जन चुकीचं सांगत नाहीत. 2020 च्या अमेरिकन मार्गदर्शक तत्त्वांत, कृत्रिम झडपेच्या गळतीने पेशी फुटणं आटोक्यात येत नसेल किंवा हृदय थकत असेल, तर ऑपरेशन ही पहिली शिफारस आहे. ऑपरेशनचा धोका जास्त आहे आणि फट बुचाला योग्य आहे अशा रुग्णांत, अनुभवी केंद्रात, तारेचा मार्ग वाजवी मानलाय. ऑपरेशनचा मोठा फायदा म्हणजे ते एका फेरीत पूर्ण बंदोबस्त करू शकतं. तोटा असा की पहिल्या ऑपरेशननंतर हृदय छातीच्या हाडाला आतून चिकटलेलं असतं, हाड कापताना ते फाटू शकतं, हिमोग्लोबिन 7 वर हृदय-फुफ्फुस यंत्र लावणं सोपं नाही, आणि नवे टाके पुन्हा त्याच कमकुवत जागेत पडतात. दुसऱ्या ऑपरेशननंतर पुन्हा कडेने गळती झालेले रुग्ण दुर्मीळ नाहीत.

तुम्ही दिलेल्या माहितीवर आमचं मत असं: संसर्ग नाही, झडप डुलत नाही, पाकळ्या पूर्ण उघडतात आणि दुरुस्त करण्यासारखं दुसरं काही नाही, हे चारही ठरलं तर आधी तारेचा मार्ग. तो फसला तरी ऑपरेशनचं दार बंद होत नाही.  चौथ्या अटीकडे मात्र बारकाईने बघा. र्‍हुमॅटिक रुग्णांत उजव्या बाजूची ट्रायकस्पिड झडपही बऱ्याचदा जोरात गळत असते. ती गळती तीव्र असेल, पायाला सूज, पोटात पाणी असेल, तर एकाच ऑपरेशनमध्ये दोन्ही उरकणं शहाणपणाचं ठरू शकतं, आणि मग सर्जनचं पारडं जड होतं. इको रिपोर्टात ‘टीआर’ (ट्रायकस्पिडची गळती) पुढे काय लिहिलंय ते आम्हाला दिसलं नाही, ते पान जोडायचं राहिलं असावं.

प्रत्यक्षात काय करतात ते जरा सविस्तर सांगतो, म्हणजे संमतीपत्रावर सही करताना शब्द ओळखीचे असतील. ॲसिट्रॉम काही दिवस आधी थांबवून हेपारिनवर (रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन) घेतात. हे दिवस डॉक्टर ठरवतील, घरी परस्पर गोळी बंद करायची नाही. कॅथलॅबमध्ये पूर्ण भूल, कारण अन्ननलिकेतला प्रोब दोन-तीन तास आत राहतो. उजव्या जांघेतल्या शिरेतून नळी वर जाते, उजव्या वरच्या कप्प्यातून पडद्याला सुईने भोक पाडून डाव्या वरच्या कप्प्यात येते. लगेच हेपारिन, आणि एसीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) 250 ते 300 सेकंदांच्या वर ठेवतात, नाहीतर तारेवरच गुठळी धरते. मग टोक वळवता येणारी 8.5 फ्रेंचची शीथ (बाहेरची नळी) घालतात. 3 फ्रेंच म्हणजे 1 मिमी, यावरून तुम्हाला जाडीचा अंदाज येईल. तिच्या आत 6 फ्रेंचची नळी, तिच्या आत 5 फ्रेंचची लांब नळी, आणि सगळ्यांच्या आत 0.035 इंची, म्हणजे 0.9 मिमीपेक्षाही बारीक, ओली झाली की निसरडी होणारी वाकड्या टोकाची तार.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो पुढच्या पायरीत. तार फटीतूनच जायला हवी, झडपेच्या पाकळ्यांमधून नव्हे. क्ष-किरणात कडं एकदा अगदी कडेवरून आणि एकदा समोरून असं दोन कोनांतून बघतात, आणि 3डी इकोत तारेचं टोक कड्याच्या बाहेर दिसतंय याची खात्री करतात. चुकून धातूच्या झडपेतून नळी गेली तर पाकळी उघडी अडकते आणि रक्तदाब कोसळतो. तार फटीतून खालच्या कप्प्यात गेली की बऱ्याचदा ती महाधमनीत पुढे नेऊन, मांडीच्या धमनीतून आणलेल्या फासात पकडतात. दोन्ही टोकं हातात आल्याने जाड नळी फटीतून ढकलायला बळ मिळतं. ही तार जास्त ताणली तर वाटेतल्या झडपांवर ताण येऊन दाब पडतो, म्हणून भूलतज्ज्ञाची नजर दाबावर आणि हात ऑपरेटरला थांबवायला तयार लागतो. आईची महाधमनीची झडप मूळची आहे, म्हणून हा मार्ग मोकळा आहे. तिथेही धातूची झडप असती तर तिच्यातून तार नेता आली नसती. मग तार खालच्या कप्प्यातच ठेवून काम करायचं, किंवा बरगड्यांमधून हृदयाच्या टोकाशी शिरायचं. हे दुसरं पडद्याजवळच्या फटींना सरळ पडतं, पण रक्तस्रावाचा धोका वाढवतं.

आता बूच. निटिनॉलच्या, म्हणजे निकेल-टायटॅनियमच्या तारांची विणलेली जाळी असते. नळीत लांबुळकी होऊन बसते, बाहेर आली की आपला आकार घेते. एक चकती फटीच्या खाली, कंबर फटीत, दुसरी चकती वर. कोणाला निकेलची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. तारेने अशी गळती बुजवल्याचा पहिला अहवाल 1992 चा, आणि त्यानंतर बराच काळ जे वापरलं गेलं ते मुळात दुसऱ्या भोकांसाठी बनवलेलं होतं: रक्तवाहिन्या बंद करायचे ॲम्प्लॅट्झर व्हॅस्क्युलर प्लग, लहान मुलांच्या पीडीए, व्हीएसडी या हृदयाच्या जन्मजात दोषांचे. युरोपात ऑक्लुटेक कंपनीचं खास याच कामाचं आयताकृती बूच आलं, त्याच्या आत पॉलिएस्टरचा तुकडा असतो. फटी क्वचितच गोल असतात, बहुधा चंद्रकोरीसारख्या. 9 × 4 च्या फटीत 9 मिमीचं एकच गोल बूच कोंबलं तर ते आडव्या दिशेने दोन्ही कडांवर सांडतं, पाकळीला अडू शकतं, आणि टोकांना तरीही चीर उरते. म्हणून अनुभवी लोक लंबगोल बूच, उदाहरणार्थ ॲम्प्लॅट्झरचं तिसऱ्या प्रकारचं 10 × 5, किंवा शेजारी शेजारी दोन लहान बुचं पसंत करतात. पहिलं बसवताना बाजूला एक तार फटीतच ठेवून देतात, म्हणजे दुसरं लागलं तर फट पुन्हा शोधावी लागत नाही.

बूच सोडण्याआधी चार गोष्टी बघतात: दोन्ही पाकळ्या पूर्ण उघडझाप करतात का, झडपेवरचा दाबाचा फरक वाढला का, गळती किती उरली, आणि ओढून पाहिलं तर बूच जागेवर राहतं का. तोपर्यंत ते केबलच्या टोकाला स्क्रूने धरलेलं असतं, काही चुकलं तर परत आत ओढता येतं. केबल उलटी फिरवली की सुटतं, आणि मग परत घेणं अवघड.

बिघडतं काय? निसटलेलं बूच महाधमनीत जाऊ शकतं, बहुतेक वेळा फासाने पकडून काढता येतं. पडद्याला भोक पाडताना हृदयाच्या भिंतीला इजा होऊन भोवती रक्त साठू शकतं. हवा किंवा गुठळी डोक्यात गेली तर पक्षाघात. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने 2011 मध्ये 115 रुग्णांचे निकाल छापले: 77 टक्क्यांत काम यशस्वी, 30 दिवसांत मोठी गुंतागुंत 8.7 टक्क्यांत, त्यात मृत्यू 1.7 टक्के आणि पक्षाघात 2.6 टक्के. साधनं त्यानंतर सुधारली, पण ‘नुसती अँजिओग्राफीसारखी प्रोसिजर आहे’ असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

आमच्या मते सर्वात महत्त्वाचा मुद्दा, आणि तुम्हाला अजून कोणी सांगितलेला दिसत नाही, तो असा. दम लागत असेल तर गळती तीव्रची सौम्य झाली तरी माणसाला फरक पडतो. पेशी फुटत असतील तर अर्धवट काम पुरत नाही. रुंद फट बुजवून शेजारी बारीक चीर ठेवली, किंवा रक्त जाळीतूनच जोराने गाळून निघू लागलं, तर पेशी पूर्वीपेक्षा जास्त फुटू शकतात. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या 259 रुग्णांच्या नोंदणीतही, जितकी गळती उरली तितका पुढचा धोका जास्त, असं 2016 मध्ये दिसलं. म्हणून आईच्या बाबतीत डॉक्टरांना आधीच विचारा: ‘एक बूच बसवल्यावर थोडी गळती राहिली तर त्याच वेळी दुसरं बसवणार का? दोन्ही मापांची बुचं शेल्फवर असतील का?’ उत्तर ‘बघू तेव्हा’ असं आलं तर दुसऱ्या केंद्रात मत घ्या. हे काम वर्षातून एखाददुसरं करणाऱ्याकडे करू नये. तार चालवणाऱ्याइतकाच 3डी इको बघणारा डॉक्टर महत्त्वाचा, त्यांचं नाव विचारायला संकोच करू नका. आणि सर्जन त्याच इमारतीत हवेत, शहरात कुठेतरी नव्हे.

तारीख मिळेपर्यंत आईला सावरायचं आहे. पेशी रक्तवाहिनीत फुटल्या की लोह लघवीवाटे वाहून जातं, म्हणून या प्रकारच्या अशक्तपणात लोह द्यावं लागतं. ‘हिमोलिसिसमध्ये (पेशी फुटण्याच्या आजारात) लोह देत नाहीत’ हा नियम इथे लागू नाही. फेरिटिन कमी असेल तर शिरेतून फेरिक कार्बॉक्सिमाल्टोज हा चांगला पर्याय, गोळ्यांनी इतकी तूट भरणं कठीण. फॉलिक ॲसिडची 5 मिग्रॅची गोळी रोज. बीटा-ब्लॉकरने ठोके आणि झोताचा जोर कमी होतो, काहींना त्याने स्पष्ट फरक पडतो. मात्र रक्तदाब कमी असेल तर डॉक्टर जपून देतील. लघवीच्या गोळ्या दमासाठी. हिमोग्लोबिन 9-10 पर्यंत आणून मग टेबलावर घेतलेलं बरं. आयएनआर 2.5 ते 3.5 मध्ये ठेवा. रक्त कमी आहे म्हणून ॲसिट्रॉम कमी करावी असं कोणी सुचवलं तर नको म्हणा, कारण आईचं रक्त बाहेर जात नाहीये. नव्या, ‘आयएनआर न लागणाऱ्या’ गोळ्या धातूच्या झडपेला चालत नाहीत.

बूच बसल्यावर तीन-चार दिवसांत घरी येतात. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत लघवी पुन्हा काळपट झाली तर लगेच हाय खाऊ नका. जाळीवर अस्तर धरायला वेळ लागतो, पूर्ण धरायला सहा महिने धरून चाला. पण हिमोग्लोबिन आणि एलडीएच दर आठवड्याला करा, आणि एलडीएच उतरायचं सोडून चढत असेल किंवा पुन्हा रक्त चढवावं लागलं, तर अन्ननलिकेतून इको ताबडतोब. सगळं ठीक असेल तर इको घरी येण्याआधी, मग 1, 6 आणि 12 महिन्यांनी. दात काढायचा किंवा हिरड्यांचं काम असेल तर अर्धा ते एक तास आधी अमॉक्सिसिलिन 2 ग्रॅम. आई अजून दर तीन आठवड्यांनी पेनिड्युअरचं (लांब काळ टिकणारं पेनिसिलिन) इंजेक्शन घेत असेल किंवा पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर त्याऐवजी ॲझिथ्रोमायसिन 500. ताप दोन दिवसांहून जास्त राहिला तर आधी कल्चर, मग औषध.

खर्चाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण खरा अडसर तोच असतो. अंदाजपत्रक लेखी मागा आणि त्यात तीन ओळी स्वतंत्र लिहून घ्या: किती बुचं धरली आहेत, उघडून न बसलेल्या बुचाचे पैसे कोणाचे, आणि तातडीचं ऑपरेशन लागलं तर त्याचा दर काय. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हे बसतं का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भरती होण्याआधी विचारा. पूर्वमंजुरी नंतर मागून मिळत नाही. धर्मादाय रुग्णालय असेल तर 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन समाजसेवा अधीक्षकांना भेटा. बुचाची किंमत सवलतीत धरतात की वेगळी लावतात हेही तिथेच, त्याच भेटीत विचारून कागदावर घ्या. जाताना 3डी इकोची सीडी न्या, नुसता छापील रिपोर्ट नको. गळती हलत्या चित्रात बघितल्याशिवाय कुठलाही चांगला ऑपरेटर हो किंवा नाही म्हणणार नाही.